मागणीच्या रकान्यात निरंक

माझं माहेरचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी पिपरी मेघेला सासरी होते. सातवा महिना चालू होता, म्हणून मला कोणी जाऊ दिलं नाही. बापूंनी घराच्या चौकटी उखडून बैलगाडीत घातल्या, आई गाडीत न बसता मागून पायी चालत गेली, शाळेच्या छताचे टिन कोणीतरी आदल्या रात्रीच काढून नेले, हे सगळं मी नंतर ऐकलं. बाळंत होऊन पोर घेऊन माहेरी गेले ती थेट टेकाडावरच्या नव्या वस्तीत. त्या वस्तीला सरकारनं दिलेलं नाव वेगळं आहे, पण आजही लोक तिला नुसतं ‘पुनर्वसन’ म्हणतात. ‘कुठं राहता?’ विचारलं तर ‘पुनर्वसनात’.

गाव बुडताना आपण तिथं नव्हतो, ही गोष्ट मला आयुष्यभर टोचत राहिली. शाळेत शिक्षिका होते. दरवर्षी मुलांना ‘माझे गाव’ हा निबंध द्यायचे आणि फळ्यावर मुद्दे माझ्याच बुडालेल्या गावाचे उतरायचे. निवृत्त झाले, तरी त्या गावाबद्दल चार माणसांसमोर बोलायची संधी काही मिळाली नव्हती. हे मी आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून गेल्यावर माझ्या चुलत भावाचा फोन आला.

“ताई, धरणाच्या वीजघराची मुदत संपून राह्यली. कंपनीले करार वाढवून पायजे. त्याच्या पह्यले जनसुनावणी हाय. ज्याले जे सांगायचं ते सांगा म्हणते. तू बोलशीन का आपल्या गावाकडून?”

धरणाच्या पायथ्याशी एक लहानसं वीजघर आहे. धरणातलं पाणी त्याच्या यंत्रातून जातं, वीज होते, आणि तेच पाणी खाली नदीत पडतं. ते चालवायचं काम सरकारनं एका खाजगी कंपनीला ठरावीक मुदतीसाठी दिलं होतं. मुदत वाढवायची तर नव्या अटी घालता येणार होत्या, आणि त्या अटी ठरवण्याआधी आसपासच्या गावांचं म्हणणं ऐकायचं होतं. धरण बांधताना आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारत होते.

मी होकार दिला. सुनावणीच्या आठवडाभर आधी गावाला गेले, तर भावाच्या अंगणात एक बाई बसलेली होती. चाळिशीची असेल. हाताच्या बोटांना नदीच्या रेतीनं भेगा पडलेल्या. धरणाच्या खाली, नदीच्या पात्रात तिची डांगरवाडी होती. हिवाळ्यात नदी आटली की ही माणसं रेतीत खड्डे खणतात, त्यात शेणखत टाकून टरबूज-खरबुजाचं बी लावतात आणि गाडग्यानं पाणी घालून वेल वाढवतात. उन्हाळ्यात फळ येतं. कारंज्याजवळच्या हायवेवर ढाब्यांसमोर जे ढीग लागलेले दिसतात, त्यात तिचीही टरबुजं असायची.

“बाई, चला, दाखवते तुमाले,” ती म्हणाली.

मी तिच्यासोबत नदीत उतरले, भाऊही मागून आला. तुराट्यांची झोपडी, झोपडीत तिची म्हातारी सासू, आणि समोर रेतीत ओळीनं उगवलेले दोन-दोन पानांचे वेल. पाणी पार पलीकडच्या काठाला, घोट्याएवढं. ती सांगायला लागली.

“मशीन चालू झालं का पाणी येते. भोंगा वाजवतात, नाई म्हणत नाई. पण भोंगा वाजला अन् पाणी आलं, याच्यात एक बिडी ओढाले लागते तेवढाच टाइम. तेवढ्यात माणूस निघन, पण वाडी कशी निघन?”

“मग काय करावं त्यांनी?”

“काही नाई. उद्या पाणी सोडणार हाय, एवढं आज सांगा. ग्रामपंचायतीत सांगा, दवंडी द्या, फोन करा. आमी रात्रीतून बांध घालतो, वेल वळवतो. आमच्या हातात एक दिवस द्या. तेवढं मांगजा, बाई.”

तेवढंच होतं तिचं. मी म्हटलं, “तूच का नाही बोलत?”

तर भाऊच मधे म्हणाला, “हरेक गावातून एकाचंच नाव घेऊन राह्यले. आपल्याकडून तुह्यं देलं. पह्यले हिचंच होतं, पण ही म्हणते बाई चांगल्या बोलतीन.”

तिनं मान डोलावली. “मले तिथं उभं राह्यलं का बोबडी वळते. तुमी शिकेल हा. तुमीच सांगजा.”

माझ्या पर्समध्ये पेन होता, भावाच्या घरात पोरांच्या वह्या होत्या. दहा ओळींचा अर्ज लिहून त्यावर तिची सही घ्यायला पंधरा मिनिटं लागली नसती. सुनावणीत लेखी अर्जही घेणार होते, हे नोटिशीत छापलेलं मी वाचलं होतं. मी तिला म्हटलं, “काळजी करू नको. मी सांगते.”

घरी आले आणि चार दिवस भाषण लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले, मलाही भरून आलं. कागदाच्या शेवटी, समासात, मी पेन्सिलीनं ‘डांगरवाडी – आदल्या दिवशी सूचना’ असं लिहून ठेवलं होतं. मजकुरात ते कुठं बसत नव्हतं. म्हटलं, बोलता बोलता सांगून टाकू.

सुनावणी तालुक्याच्या एका सभागृहात होती. समोर टेबलाशी अधिकारी, बाजूला कंपनीची दोन माणसं, एक कारकून लिहून घेणारा. गावोगावची माणसं खुर्च्यांवर, काही मागं उभी. ती बाई तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.

प्रत्येकाला तीन मिनिटं होती. माझ्या आधीचे दोघं काहीबाही बोलले, कोणी ऐकत नव्हतं. मग माझं नाव पुकारलं.

मी आमच्या जुन्या गावाबद्दल बोलले. पाण्याखालच्या मारुतीच्या पाराबद्दल, विहिरीबद्दल, पोळ्याला बैल जिथं धुवायचे त्या घाटाबद्दल, आईच्या पायी चालण्याबद्दल. सगळी कुजबुज थांबली. तीन मिनिटं झाल्यावर कारकुनानं घंटीकडं हात नेला, तर अधिकाऱ्यानं त्याला खुणेनं थांबवलं. म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांना धोतराचे सोगे लावले. मी शेवटचं वाक्य बोलले आणि टाळ्या पडल्या. खूप वेळ पडत राहिल्या. मी कागदाची घडी घातली आणि खुर्चीवर येऊन बसले.

समासातली ओळ राहून गेली होती.

हे मला बसताक्षणीच आठवलं, असं सांगितलं तर खोटं होईल. मला चांगलं वाटत होतं. शेजारच्या गावचा एक म्हातारा येऊन माझ्या पायाला हात लावून गेला. बाहेर चहा आणि आलुबोंडे होते. तिथं भाऊ म्हणाला, “काय बोलली वो ताई तू! मोठ्या साहेबाचे डोळे पाणावले.” तेव्हा ती बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, ते आपलं पाण्याचं...”

हातातला कप मी तिथंच ठेवला. मी आत गेले. टेबलं आवरणं चालू होतं. कारकून म्हणाला, “मॅडम, झालं आता. पण पंधरा दिवस लेखी देता येते. द्या ना.”

मी बाहेर येऊन तिला सांगितलं, “आठ दिवसांत लेखी देते. पक्कं.” तिनं लगेच विश्वास ठेवला.

आणि ते पंधरा दिवस कसे गेले? माझ्या भाषणाचं कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. ते नातेवाइकांच्या गटांत फिरलं. अल्लीपूरहून नणंदेचा फोन, नागपूरहून जुन्या विद्यार्थ्यांचे फोन. एका महिला मंडळानं बोलावून शाल-श्रीफळ दिलं. तिथं मी तेच भाषण पुन्हा केलं. मधेच धाकट्या मुलीकडं चार दिवस गेले. अर्ज डोक्यात होता. रोज वाटायचं, उद्या निवांत बसून नीट लिहू. ज्या दिवशी लिहायला बसले त्या दिवशी नोटीस काढून तारीख पाहिली, तर मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. तरीही मी अर्ज पोस्टानं पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही.

होळी झाल्यावर एका दुपारी पाणी आलं. आभाळात ढग नाही, कडक ऊन. भोंगा वाजला तेव्हा ती वेलाखाली गवत अंथरत होती. फळं नारळाएवढी झाली होती. तिनं आधी झोपडीकडं धाव घेतली आणि सासूला पाठीवर घेऊन काठ गाठला. मागं वळून पाहिलं तर वाडीवरून पाणी चाललेलं. काही टरबुजं वेलासकट तरंगत गेली म्हणे. खालच्या गावच्या पोरांनी ती धरून खाल्ली, कच्चीच निघाली.

भावानं हे फोनवर सांगितलं. मी दुसऱ्याच दिवशी गेले. ती घरी भाकरी थापत होती. माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “चल, साहेबाला भेटू.”

“कायले आता?”

“चल तर.”

आम्ही दोघी तालुक्याला गेलो. तोच अधिकारी होता. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, “तुमचं भाषण अजून लक्षात आहे, मॅडम,” म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं फाइल मागवली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. सुनावणीत कोण काय बोललं त्याचा तक्ता होता. एका गावानं मासेमारीचा रस्ता मागितला होता, तो अटींत घातला होता. दुसऱ्यानं गुरांना पाणी प्यायला उतार मागितला होता, तोही मंजूर होता. माझ्या नावासमोर लिहिलं होतं : ‘बुडित गावाबाबत भावना व्यक्त केल्या.’ त्यापुढचा रकाना मागणीचा. त्यात ‘निरंक’.

“आदल्या दिवशी सूचना द्यायची अट काही अवघड नव्हती हो,” अधिकारी म्हणाला. “कंपनीनंही मानली असती. पण सुनावणीत कोणी मागितलंच नाही. आता करारावर सह्या झाल्या. पुढच्या आढाव्यात बघता येईल.”

ती माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसलेली होती. आता ती साध्या आवाजात म्हणाली, “मी त मांगतलं होतं, साहेब. बाईपाशी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. साहेबाची माहिती चुकीची होऊ नये, एवढ्यासाठीच ती बोलली. अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग फाइल मिटली. मी पर्स घेऊन उठले.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“जाऊ द्या ना, बाई. तुमीबी किती ध्यानात ठेवसान,” ती म्हणाली आणि तिनं तिकीट पदराच्या टोकाला बांधलं. मग म्हणाली, “पण तुमी बोलल्या लय चांगल्या. माह्यी सासू त्याच गावची. मोबाइलवर आयकून रडली ते.”

त्यानंतर मी पुष्कळ कागद लिहिले. वरच्या कार्यालयाला, कंपनीला, ग्रामपंचायतीला. ठिकठिकाणी गेले. वीजघरातल्या माणसालाही भेटले. तो म्हणाला, “आमाले वरून फोन येते, मशीन लावा म्हणून. मले समजलं का मी कळवीन, पण लिहून देता येत नाई.” पुढच्या ग्रामसभेत ती बाई स्वतः उठून बोलली. पदराचं टोक मुठीत धरून, अडखळत, मोजून चार वाक्यं. ठराव झाला. आता वीजघरातला माणूस कधी सरपंचाला फोन करतो, कधी राहून जातो. अशा भरवशावर रेतीत बी कोणी टाकत नाही. तिच्या ओळीतल्या आणखी दोन घरांनीही वाडी सोडली.

गेल्या हिवाळ्यात मी गावाला गेले होते. ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती. मला पाहून बांधावर आली, कमरेची ओटी सोडून कापूस खाली ठेवला. मी विचारलं, “यंदा वाडी लावणार का?”

“नाई बाई. सासू उतरू देत नाई नदीत.”

मग तिनं सुनेबद्दल सांगितलं, गुडघ्याबद्दल सांगितलं. जाताना म्हणाली, “येजा घरी, चहा घेऊन जाजा.” मी गेले नाही. बसची वेळ झाली आहे, असं तिला सांगितलं. बसला अजून तासभर होता. तो तासभर मी फाट्यावर उभी राहून काढला.