पालवी पार्टीची सगळी गाणी

आसगावच्या मंगलाबाई दिवसा धानाची रोवणी करायच्या आणि संध्याकाळी पालवी गायन पार्टीत ढोलकी वाजवायच्या. पार्टी सगळी बायकांचीच. भीमगीतं म्हणणारी रुखमिणी मुख्य गायिका. वीसेक वर्षांपूर्वी तुमसरच्या धर्मेंद्रनं तळ्याच्या पाळीवर त्यांचं शूटिंग करून सगळ्या गाण्यांची एक सीडी काढली होती. पुढे पार्टी मोडली. सीडी कुठं गेली, कोणालाच ठाऊक नाही.

यंदा रुखमिणीला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. तिला भेटून आल्यावर मंगलाबाई सुनेला म्हणाल्या, "प्रतिक्षा, आमचे गाने मोबाईलवर सापडतेत का पाह्य. रुखमिणीले दाखवाचे हायत."

यूट्यूबवर एकच गाणं मिळालं, तेही अर्धवट. प्रतिक्षानं खाली लिहून विचारलं, बाकीची कुठं बघायला मिळतील? उत्तर आलं नाही.

"एका गान्यानं काय होते? सगळे पाह्यजेत. तुमसरले जातो मी."

प्रतिक्षाही सोबत निघाली. तुमसरला धर्मेंद्रच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "धर्मेंद्र? तो तर कवाचाच वरठीच्या प्लांटमध्ये लागला."

"आई, आज घरी जाऊ," प्रतिक्षा म्हणाली.

"वरठी वाटेतच हाय. उतरू."

दोघी प्लांटच्या गेटसमोर उभ्या राहिल्या. पाळी सुटली तशा मोटारसायकली, सायकली धडाधड बाहेर पडू लागल्या. कोणाला हेल्मेट, कोणाच्या तोंडाला दुपट्टा, ओळखायचं कसं? मंगलाबाईंनी पदर खोचला आणि ओरडायला सुरुवात केली, "धर्मेंद्र! पालवी पार्टीवाली मंगला हाय मी! धर्मेंद्र!"

लोक हसत पुढं जात होते. त्या थांबल्या नाहीत. आवाज बसत आला तेव्हा एक मोटारसायकल वळून परत आली.

"मंगलाताई? तुम्ही इथं काहून?"

सगळं ऐकून धर्मेंद्र ओशाळला. ते एक गाणं त्यानंच टाकलं होतं. "बाकीचे घरच्या कॉम्प्युटरात पडून हायत. म्हटलं, आता कोन पाह्यते?"

"आम्ही पाह्यतो ना!"

त्यानं आठवड्याभरात सगळी गाणी एकत्र जोडून यूट्यूबवर टाकली आणि प्रतिक्षाला लिंक पाठवली.

रुखमिणीच्या खाटेवर उशीला टेकवून मोबाईल ठेवला. पहिली दोन गाणी ती डोळे न हलवता बघत राहिली. तिसऱ्या गाण्यात तिनं डावा हात उचलला, खाटेच्या लाकडी कडेवर ठेका धरला आणि मंगलाबाईंकडे बघून जोरात मान हलवली.

"काय म्हणते?" प्रतिक्षानं घाबरून विचारलं.

मंगलाबाईंना हसू आवरेना. "इथं मी ठेका घाईनं वाजवला म्हनते! तवाबी याच्यावरूनच भांडली होती."

रुखमिणी आता खुदुखुदु हसत होती. तिनं मोबाईलकडे बोट केलं: परत लाव.