विठ्ठलराव प्रॉक्सी लावायला शिकतात

विठ्ठलराव गौरकारांना नाही म्हणता येत नाही, ही गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मारेगावच्या सडकेला लागून त्यांचं वावर. मागे ज्यांची वावरं होती त्यांच्यासाठी जायची-यायची पांदण वाट होती, पण ती तलाठ्याच्या नकाशात. जमिनीवर तिच्यात बाभळी माजलेल्या. म्हणून सगळ्यांच्या बैलबंड्या, ट्रॅक्टर, कापसाची ओझी विठ्ठलरावांच्या कपाशीतून जायची. दरवर्षी ते तेवढा पट्टा सोडून पेरत. शेजारगावी धुऱ्या-बांधावरून डोकी फुटत होती, इथे कधी कोणी आवाज चढवला नाही, कारण चढवावा असा माणूसच समोर नव्हता.

फोनचंही तेच. गल्लीत ज्याच्या-त्याच्या कागदावर मोबाइल नंबर विठ्ठलरावांचा. कोणाचं सिम बंद पडलेलं, कोणाचा फोन पोरगा पुण्याला घेऊन गेलेला. दात घासता घासता कोणाच्या गॅसचा ओटीपी यायचा, जेवताना कोणाच्या बँकेचा. तोंडातला घास तसाच ठेवून ते आकडे वाचून दाखवत. "लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुम्ही," विमलताई म्हणत. त्यांचं खोटं नव्हतं. विठ्ठलराव या सगळ्याला मनातून कंटाळले होते, पण साठी जवळ आलेल्या माणसाने कंटाळा तरी कोणाला सांगायचा?

बंटी हा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा, इंदूबाईचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, म्हणून अर्धाअधिक याच घरी वाढलेला. आता चांगला पंचविशी ओलांडलेला गडी. एका दिवाळीला तो आला आणि मामाचा फोन हातात घेऊन बसला.

"मामाजी, तुमच्या फोनवर एक प्रॉक्सी सर्व्हर लावून देतो."

"ते काय असते बापा?"

"काही नाई. दुसऱ्याचं इंटरनेट तुमच्या फोनातून जाते. पलीकडच्याले वाटते, हा मानूस इथलाच हाय. फोन चार्जिंगले लावून ठेवाचा, बस. मले त्याचं भाडं भेटते. तुमचं काही जात नाई, नुसता रस्ता द्याचा हाय."

रस्ता म्हटल्यावर विठ्ठलरावांनी पुढचं विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "लोकं चांगले हायेत ना?" बंटी हसला. विठ्ठलरावांच्या वावरातून जाणाऱ्याचं नाव, गाव, बैलांचा रंग सगळं त्यांना माहीत असे. फोनातून जाणाऱ्याचंही कोणाला तरी माहीत असेल, असं त्यांनी गृहीत धरलं. त्यांच्या जागी त्या गावातल्या कोणीही तेच धरलं असतं.

तेव्हापासून फोन सारखा कोमट राहू लागला आणि त्याच्या पडद्याच्या माथ्यावर एक बारीकशी खूण बसली, ती पुसली जाईना. विठ्ठलराव तिच्याकडे बघत आणि फोन पुन्हा कोनाड्यात ठेवत.

उन्हाळ्यात पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. परराज्यातल्या कोणा निवृत्त शिक्षिकेच्या बँकेतली सगळी पुंजी कोणीतरी लंपास केली होती, आणि चोर ज्या वाटेने तिच्या खात्यात शिरला ती वाट विठ्ठलरावांच्या फोनातून निघत होती. साहेब तरुण होते, बोलायला वाईट नव्हते. "काका, परवा फोन घेऊन या. हे कोणी लावून दिलं, ते नीट आठवून या," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी इंदूबाई आणि बंटी येऊन बसले. राजूरकडच्या एका खाणीवर बंटीची सुरक्षा रक्षक म्हणून निवड झाली होती. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला तेवढा यायचा होता. त्या नोकरीच्या भरवशावर एका मुलीकडच्यांनी होकार दिला होता. नुसत्या शेतीवाल्या पोराला मुलगी देतो कोण? पंधरा ठिकाणांहून नकार पचवलेल्या घरात तो होकार देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला जात होता.

"दादा, याचं नाव आलं तर समदं गेलं," इंदूबाई म्हणाल्या. "तुले काय, तुही नोकरी जात नाई का लगन मोडत नाई."

"मंग काय सांगू?"

"तुमीच लावलं म्हना," बंटी जमिनीकडे बघत म्हणाला. "यूट्यूबवर पाहून लावलं म्हना."

विमलताई चुलीपाशी होत्या. त्यांनी हातातली पळी आपटली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. विठ्ठलरावांना राग आला होता. पण रागाला जी ताकद लागते ती काढायची कुठून, हे त्यांना समजेना. शेवटी म्हणाले, "अरे, पन मले लावता कुठी येते?"

"शिकवतो ना," बंटी म्हणाला.

आणि खरोखर त्याने शिकवलं. दुसरा अख्खा दिवस मामा-भाचे ओसरीत बसून होते. इंदूबाईंच्या फोनवर बंटी लावून दाखवी, मग पुसून टाकी आणि म्हणे, "आता तुमी." आधी ॲप उतरवायचं. मग परवानग्या, काहीही विचारलं की हो. मग प्रॉक्सीचं बटण सरकवायचं. त्याखाली पोर्ट. "पोर्ट म्हंजे फाटक समजा. फाटकाचा नंबर आठ-शून्य-आठ-शून्य." मग बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन, ॲपला झोपू द्यायचं नाही, असं सांगायचं. मग बाहेरच्याला आत येता यावं म्हणून दुसरं ॲप, त्याला पहिल्याशी जोडायचं. विठ्ठलरावांचा अंगठा निंदण-खुरपणाने घासलेला. काचेला तो कळतच नसे. एकदा दाबलं तर काही होत नसे, दोनदा दाबलं तर भलतंच उघडे. "हळू, मामाजी," बंटी म्हणे. जन्मात कोणी एवढ्या धीराने त्यांना काही शिकवलं नव्हतं. भाचा इतका जवळ बसून इतका वेळ बोलतोय, याचं त्यांना मधूनच बरं वाटे, आणि हे कशासाठी चाललंय ते आठवलं की बोट थांबे.

"फोनातून कोन कोन गेलं म्हनून विचारलं तर?" त्यांनी विचारलं.

"माईत नाई म्हना. ते तर खरंच हाय."

ठाण्यात साहेबांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही लावलंत? खरं सांगा. तुमच्यासारख्याला पुढे करून पोरं मागे राहतात, रोज बघतो मी."

"मीच लावलं, साहेब."

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक जुना फोन काढून पुढे सरकवला. "दाखवा लावून."

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर बाकावर बंटी बसलेला दिसत होता. विठ्ठलरावांनी धोतराला बोट पुसलं आणि सुरुवात केली. ॲप. परवानगी, परवानगी, परवानगी. बटण. पोर्ट. एकदा भलतीकडेच गेले, पण गडबडून न जाता मागे आले. बॅटरीच्या सेटिंगपाशी अडकले. क्षणभर वाटलं, नाही जमत म्हणून फोन परत द्यावा. तेवढं केलं असतं तरी पुरे होतं, पुढचं साहेबांनीच ओळखलं असतं. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. बंटी गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा बसला होता. विठ्ठलरावांना सेटिंग सापडलं. दुसरं ॲप जोडलं. फोनच्या माथ्यावर ती बारीक खूण आली.

साहेब त्या खुणेकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन उचललं. "मला वाटलं होतं, तुम्हाला येणार नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

"साहेब, त्या बाईचं नाव काय?" सही करताना विठ्ठलरावांनी विचारलं. साहेबांनी सांगितलं नाही.

फोन जप्त झाला. केस लागली. तारखेला यवतमाळला जायचं, उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन यायचं, हे सुरू झालं. गल्लीतल्या लोकांनी आपापले नंबर गुपचूप बदलून घेतले. समोर कोणी काही बोललं नाही, पण चावडीवर ते गेले की बोलणं पावसापाण्यावर येई. एवढ्या वर्षांनी जेवताना कोणी उठवेना, तरी त्यांना जेवण जाईना. "कायले केलं हे?" विमलताई एकदा म्हणाल्या. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

बंटीला दाखला मिळाला. तो खाणीवर रुजू झाला आणि लग्नाची तारीख धरली. पेढे इंदूबाईंनी कोणाच्या तरी हाती पाठवले. बंटी स्वतः काही आला नाही. ड्युटी असेल, असं विठ्ठलराव आपण होऊनच सांगत. लग्न मात्र त्यांनी मनात धरलं होतं. मंगलाष्टकं होताना नवरदेवाच्या मागे त्याचा मामा उभा राहतो, त्याला फेटा बांधतात, मान देतात. विमलताईंनी पेटीतून नवं धोतर काढून ठेवलं होतं.

लग्नाला आठवडा असताना इंदूबाई आल्या. चहा घेतला, पिकाचं विचारलं, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"दादा, पोरीकडचे लय चौकशी करून राह्यले. तुह्यावर केस हाय म्हनून त्यायले कुठून तरी समजलं." त्या थांबल्या. "तू ये. जेवून जा. पन मागं उभं राहाले वणीच्या गोपालले सांगतलं."

गोपाल हा या बहीण-भावाचा लांबचा चुलतभाऊ. बंटीला त्याने शेवटचं कधी पाहिलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"हे तू म्हनतं का बंटी म्हनते?"

"बंटीच म्हने."

विमलताई आत गेल्या. पेटीचं झाकण वाजलं.

विठ्ठलरावांनी कप उचलला, तो रिकामा होता, पुन्हा खाली ठेवला.

"गोपालले जमन ना?" ते म्हणाले. "नाई त मी शिकवून देतो. एका दिवसात येते."