वाढत्या अंगाचा झगा

आमच्या आत्याच्या मते जगात दोनच माणसं शहाणी. एक ती स्वतः आणि दुसरी चर्चमधली तेरा वर्षांची लाकडी पोर. बाकी आम्ही सगळे चुकीच्या मापाचे.

आत्या कपडे शिवते. पुढच्या खोलीत तिची मशीन, मागच्या खोलीत आम्ही आणि मधल्या दारात टाचण्या. अनवाणी चालायची सोय नाही. गिऱ्हाइकाला ती बेधडक उद्या-परवाच्या थापा मारते, पण पोरीचा झगा मात्र दरवर्षी तिच्या सणाच्या कितीतरी आधी तयार होऊन खुंटीला लागतो.

ही पोर म्हणजे कोकरू कुशीत घेतलेली संत. फार जुन्या काळी, ख्रिस्ताचं नाव घेणंही जिवावर बेतायचं तेव्हा, तिला एका बड्या घरचं स्थळ सांगून आलं. पोर म्हणाली, नाही. धमकावलं, तरी नाही. तलवार दाखवली, तरी नाहीच. शेवटी मान उडवली तिची, पण होकार काही मिळाला नाही. आणि गंमत बघा, सण जवळ आला की लग्नाळू मुली तिच्याचकडे चांगला नवरा मागायला येतात. आत्याचं टाळकं सटकतं.

"जिनं नवरा नको म्हणून मान दिली, तिच्याकडे नवरा मागतात! अक्कल गहाण टाकलीय मेल्यांनी."

खुद्द आत्यालाही एकदा स्थळ आलं होतं. "पोरीला विचारून सांगते," म्हणाली. पोर काही बोलली नाही, म्हणून आत्यानंही काही कळवलं नाही. तो बिचारा दुसरीशी लग्न करून आता आजोबा झालाय.

तर झगा. दरवर्षी नवा, पांढरा, आणि खाली वीतभर कापड आत दुमडून घातलेली मुडप. का? तर वाढत्या अंगाचा असलेला बरा!

"अगं आत्या, लाकडाची आहे ती," मी सांगून थकले.

"तेरा वर्षांची आहे. या वयात पोरी वाढतात. तू नाही का ताडमाड वाढलीस? अक्कल तेवढी मागे राहिली."

माझे सगळे फ्रॉक तिनंच असे शिवले होते. मुडप उसवून लांब करायचे, की जुन्या घडीची रेघ आडवी उमटलेली राहायची. वर्गातल्या मुली त्या रेघेवरून माझी उंची वाचायच्या. रडून रडून डोळे सुजवले मी त्या रेघांपायी.

यंदा घंटा वाजवणारे काका पोरीची धूळ पुसायला गेले आणि तिचा पाय त्यांच्या हातातच आला. आतून सगळं वाळवीनं पोखरलेलं. फादरांनी तिला चादरीत गुंडाळून सामानाच्या खोलीत ठेवलं, नवी मूर्ती मागवली आणि आमच्या घरी सांगायला आले. भला माणूस, पण कुठे काय बोलावं ते कळत नाही.

"बाई, नव्या मूर्तीला झगा रंगवलेलाच आहे. आता तुम्हाला शिवायची तसदी नाही."

आत्या "बरं" म्हणाली. नुसतं "बरं"! मला धडकीच भरली. ते गेल्यावर तिनं खुंटीवरचा झगा काढला, घडी करून तळाच्या खणात घातला, आणि दिवसभर मशीनला हात लावला नाही. मला टोमणासुद्धा मारला नाही. आत्याचं या जगात स्वतःचं म्हणून दुसरं होतं कोण?

सणाच्या सकाळी फादर धापा टाकत दारात. नवी मूर्ती आली होती, पण वाटेत दोरखंड घासून कमरेखालचा रंग पार खरवडला होता.

"बाई, लोक यायची वेळ झाली. तेवढा झगा द्या."

"तो आमच्या पोरीच्या मापाचा आहे," आत्या म्हणाली. "ही कोण, कुठली, मला ठाऊक नाही."

फादरांनी हात जोडले. आत्या ढिम्म. मग मात्र माझं डोकं फिरलं. खण उघडला, झगा काखेत मारला आणि आत्याचा दंड धरला. "चल गुमान! रुसायचं तर तिथे येऊन रूस."

आली. पण मूर्तीच्या तोंडाकडे बघेना. मी आणि काकांनी मिळून झगा चढवला, तर नवी पोर जुनीपेक्षा वीतभर उंच! झगा घोट्यांच्या वर. ओढा ओलांडायला निघाल्यासारखी दिसत होती.

"झालं कल्याण," फादर मटकन बाकावर बसले.

आत्या मात्र झग्याच्या खालच्या काठाकडे बघत होती. ती फरशीवर बसली, कमरेची कात्री काढली आणि टाका टाका उसवत गेली. कापड सुटलं, खाली आलं आणि बरोब्बर बोटांवर टेकलं.

तेव्हा कुठे तिनं मान वर करून त्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळे भरून आले, नाकाचा शेंडा लाल झाला.

"एवढी वाढलीस," ती मूर्तीला दरडावून म्हणाली, "आणि मला सांगायला काय झालं होतं गं?"

मला हसू आवरेना आणि रडूही. फादर सावरले, जवळ आले, पुन्हा नको तिथे बोलले. "बाई, ती आडवी रेघ तेवढी दिसतेय. इस्त्री आणवू का?"

"राहू द्या," आत्या गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली. "घरात वाढलेल्या पोरीच्या कपड्यावर रेघ असतेच. विचारा आमच्या हिला."