पंखा बंद, विमान चालू

मंडळी, चेन्नईत भर दुपारी पंखा बंद करून बसायची शिक्षा आज आम्ही भोगली.

आमची ईशा तांबरमच्या कॉलेजात विमानांचं इंजिनिअरिंग शिकते. तिने बारीक तार आणि माझ्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचं विमान केलंय. त्याला पातं नाही. विजेच्या जोरावर तार हवेला मागे ढकलते आणि विमान पुढे जातं, म्हणे. पंख्याच्या वाऱ्याने ते भरकटू नये म्हणून पंखा बंद.

बटण दाबलं. नुसता सूंऽऽ आवाज. विमान ढिम्म! परीक्षकांना दाखवायचं उद्या. ईशा रडकुंडीला आली.

"ओवाळल्याशिवाय कसं उडेल गं?" सासूबाई निरांजन घेऊन विमानाच्या मागे उभ्या राहिल्या.

"आजी, लांबूनच! शॉक बसेल!"

त्यांनी हातभर लांबूनच ओवाळलं. ज्योत वाकली, फडफडली आणि विझली.

"अपशकुन गं बाई!" सासूबाईंचा चेहराच पडला.

ईशा मात्र उड्या मारायला लागली. "आजी, वारा येतोय! तार चालतेय, विमानच जड झालंय!"

आता उद्याच्या सामानात परीक्षकांना तारेचा वारा दाखवायला निरांजन आहे आणि ते धरायला आजी. सकाळी कुठली साडी नेसायची तेही ठरलंय. दोघींचा सराव चाललाय, म्हणून पंखा अजून बंदच.

सांगा मंडळी, आजी आणि नात एक झाल्या की घामाघूम सुनेनं जायचं कुठे?