पहिलीच्या खोलीतली तंबाखू

आई गेली. पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले. पहिलीची खोली उघडली. आत तंबाखू होती.

जमिनीपासून छतापर्यंत बोदं रचलेली. गोणपाटात दाबून शिवलेली, एकेक माणसाच्या छातीएवढं. मुलांची ठेंगणी गोल टेबलं उलटी करून कोपऱ्यात फेकली होती. एप्रिलमध्ये सुट्टी लागताना मी खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधून ठेवली होती, चित्रकार्डं टांगायला. ती तुटून लोंबत होती. कमळाचं कार्ड खाली पडलं होतं. त्यावर बुटाचा ठसा होता.

मुख्याध्यापक सर मागे येऊन उभे राहिले. नाकाला रुमाल. माणूस वाईट नाही. बाहेरगावचा आहे, रिटायर व्हायला आलाय, त्याला कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं.

"बाई, तुम्ही कशाला आलात? घरात दुःख आहे."

"परवा शाळा सुरू होते, सर. खोली लावायची आहे."

"आप्पांची बोदं आहेत. दर चढायची वाट बघत होते. नेतील आता. झाडून घ्यायला वस्तीतली पोरं सांगितलीत मी. दरवर्षीचंच आहे हे."

दरवर्षीचंच.

ही माझीच शाळा. मी इथंच शिकले. मागच्या दिवाळीनंतर बदली होऊन परत आले, तेव्हा खोली ओळखू येत नव्हती. कौलं जाऊन स्लॅब आला होता. खाली फरशी. बाहेरच्या भिंतीवर आगगाडी रंगवलेली, डब्याडब्यात मुळाक्षरं. मला वाटलं, एवढं बदललं म्हणजे सुट्टीत तंबाखू ठेवणंही बंद झालं असेल. बदलीनंतर मे महिन्यात मी इथं आलेच नव्हते.

आमच्या लहानपणी शाळा उघडायच्या आधी वस्तीत निरोप यायचा. "शाळा लावायला चला." निरोप फक्त आमच्या वस्तीत. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. गावाची शाळा नंतर उघडते, आमची आधी. मी केसांना तेल लावून जायची. हातात खराटा.

निपाणीच्या भागात ज्यांचं घर तंबाखूवर चालतं त्यांना खकाणा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ती तंबाखूची बारीक धूळ. आधी नाकात जाते, मग घशात, मग डोळ्यांतून पाणी काढते. बोदं गेल्यावर खोलीत तो खकाणा गुडघ्याएवढा उठायचा. आम्ही झाडायचो, शिंकायचो, झाडायचो. एका वर्षी आमच्यातला एक बारका भिंतीला धरून ओकला. बाहेर चिंचेखाली गुरुजी आणि आप्पा उभे होते. आप्पा तेव्हा तरणे होते. त्यांच्या वडलांची तंबाखू, आणि शाळेच्या कमिटीवर त्यांचंच घर. गुरुजींना त्या पोराची दया आली असावी.

"आप्पा, पोरास्नी त्रास व्हतोय ओ."

आप्पा म्हणाले, "यांस्नी खकाणा लागत न्हाय, गुरुजी. यांच्या आया वखारीतच बाळंत होत्यात."

सगळे हसले. मला वाक्य नीट कळलं नाही, पण आपल्याविषयी काहीतरी बोलले एवढं कळलं. घरी येऊन मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं मला जवळ ओढलं, पदरानं माझ्या केसांतला खकाणा झटकला. "उद्या जाऊ नको" असं ती म्हणाली नाही.

मी वखारीत जन्मले नाही. घरी जन्मले. पण आई बाळंतपणातून उठली ती थेट वखारीत तंबाखू चाळायला गेली, आणि पोत्याच्या झोळीत मी तिथंच निजले. वखारीत पोरं रडत नाहीत, असं बायका सांगायच्या. गुंगून पडतात.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी गुरुजींनी आम्हाला मागच्या खिडकीशी बसवलं. गावातल्या मुलांनी तक्रार केली होती. "गुरुजी, ह्यांच्या अंगाला तंबाखूचा वास येतोय." वास येतच होता. खोलीतला सगळा वास आम्ही अंगावर घेतला होता, म्हणून त्यांना खोली स्वच्छ मिळाली होती. हे गणित मला तेव्हा मांडता आलं नाही. पाचवीपर्यंत मी खिडकीशी बसले. पुढं बेळगावला हॉस्टेलवर राहून शिक्षिकेचा कोर्स करतानासुद्धा वर्गात शिरले की माझे पाय आपोआप मागच्या बाकाकडं वळायचे.

शेवटी आईला बेळगावलाच नेलं होतं, दवाखान्यात. डॉक्टर तरुण होता. त्यानं छातीचा फोटो उजेडाला धरला.

"तंबाखू खातात का?"

"नाही."

"ओढतात?"

"चाळतात," मी म्हणाले.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत फोटोकडं बघितलं.

तर त्या सोमवारी मी दारात उभी होते आणि दुपारी आप्पा स्वतः आले. आता म्हातारे झालेत. शाळा सुधारणा समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांची नातवंडं निपाणीच्या इंग्लिश शाळेत जातात, पिवळी बस दारात येते. ते सरांना "तुम्ही" म्हणतात. मला नाही.

"आई गेली म्हणं गं तुझी. वाईट झालं. लई गुणाची बाई. एवढी वर्षं आमच्याकडं कामाला, कधी तोंड वर करून बोलली न्हाय."

हे ते मनापासून म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच हळहळ होती. माझ्या आईबद्दल त्यांना आठवत होती ती एवढीच गोष्ट, आणि त्यांच्या मते ती स्तुती होती. घरी भेटायला आलेल्या कुणाही माणसापुढं मी रडले नव्हते. तिथंही रडले नाही. पण आत काहीतरी जागच्या जागी बसलं. दार ओढून कडी लागावी तसं.

मी म्हणाले, "आप्पा, परवापर्यंत खोली मोकळी पाहिजे. धुतलेली पाहिजे. आणि पोरं झाडणार न्हाईत."

"मग कोण झाडणार? तू?"

"मीपण न्हाय. ज्याची तंबाखू त्यानं झाडायचं."

आप्पा सरांकडं बघून हसले. "आणि न्हाय झाडली तर? पहिलीचा वर्ग कुठं भरवतीस, माझ्या डोक्यावर?"

"तुमच्या सोप्यात."

सरांना ठसका लागला. खकाण्यानं की माझ्या बोलण्यानं, कोण जाणे. आप्पा जाताना त्यांना म्हणाले, "बाईंचं डोस्कं दुःखानं फिरलंय, सर. चार दिवस रजा द्या त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतली पोरं आली. खराटे घेऊन. आईबरोबर कामाला असणाऱ्या शेवंताआक्काची नात सगळ्यांत पुढं. ह्या वर्षी पहिलीत येणारी. केसांना तेल, लाल रिबिनी.

"बाई, आमी शाळा लावायला आलोय."

 मी पायरीवर बसले.

"शाळा लावायचं काम माझं हाय," मी म्हणाले. "त्याचा पगार घेते मी. तुमी उद्या या. दप्तर घिऊन या."

"आणि खराटा?"

"खराटा न्हाय."

ती हिरमुसली. आपलं काहीतरी काढून घेतलं असं तिला वाटलं असावं.

संध्याकाळी शेवंताआक्का घरी आली. आईच्या शेजारी बसून तिनं सगळं आयुष्य तंबाखू चाळली. आई शेवटची बोलली ती तिच्याशी. आईच्या मातीला सगळ्यांत आधी आली तीच. आता ती बसली नाही, दारातूनच बोलली.

"काय आरंभलंयस गं तू? पोरास्नी माघारी धाडलंस?"

"आक्का, खकाण्यानं आई गेली."

"मला सांगतीस? मला खोकला न्हाय व्हय? पण उद्या आप्पानं मला कामावनं काढलं तर तू येणार हायस चूल पेटवायला? तुझं पगाराचं पोट हाय. आमचं आप्पाच्या रानात हाय."

  ती खरं बोलत होती. मी एवढंच म्हणाले, "नातीला शाळेत धाड."

"धाडीन. तू म्हणतीस म्हणून न्हवं," असं म्हणून ती गेली.

शाळेच्या पहिल्या दिवशी सरांनी दाराला आंब्याचं तोरण बांधलं होतं. तोरणाखाली कुलूप आणि कुलपामागं तंबाखू. बोदं न्यायला ट्रॅक्टर आला नव्हता. मुलं मैदानात उभी होती. गावातली, वस्तीतली, एका ओळीत. ज्यांना पिवळी बस परवडत नाही अशांचीच ही सगळी. मी चटई काखेत मारली, कार्डांची पिशवी घेतली आणि सरांना सांगितलं, पहिलीचा वर्ग घेऊन निघाले.

"बाई, मी हे बघितलेलं नाही," सर म्हणाले आणि खरोखरच ऑफिसात जाऊन दाराकडं पाठ करून बसले.

आप्पांचं घर चावडीच्या पुढं. नवा बंगला आहे, पण पुढच्या बाजूला मोठा सोपा ठेवलाय, माणसं यायला-बसायला. पितळी कड्यांचा झोपाळा. आमच्या वस्तीतली माणसं पायरीखाली अंगणात उभी राहतात. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. आई कित्येक वर्षं त्या पायरीपर्यंत जात होती.

मुलांनी चपला ओळीनं काढल्या. शेवंताआक्काची नात पायरीशी थांबली.

"बाई, हितनं वर जायचं नसतंय."

"कोण म्हणालं?"

"आजी."

"आज मी सांगते. चल."

मी तिचा हात धरला. तिचा हात गार होता. माझाही काही गरम नव्हता. आम्ही वर गेलो.

आप्पांची सून बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली. "अवो बाई, काय हे?"

"शाळा," मी म्हणाले.

चटई अंथरली. झोपाळ्याच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत सुतळी बांधली. कार्डं टांगली. कमळाचं कार्ड मी पुसून आणलं होतं, पण ठसा निघाला नव्हता. मुलांना गोल बसवलं आणि प्रत्येकाचं नाव विचारलं. पोरं बिचकली होती. एक जण कडेला बसल्या बसल्या झोपाळा हलवून बघत होता. अंगणात माणसं जमली. दोघातिघांनी मोबाईल वर धरले.

आप्पा आंघोळ करून बाहेर आले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी सुतळीवरची कार्डं बघितली, मुलं बघितली. मग वाकून, हळू आवाजात, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले, "उठव त्यास्नी."

"खोली मोकळी झाली की उठवते."

"तुझ्या आईनं असलं कधी केलं नसतं."

"न्हाय केलं तिनं," मी म्हणाले. आवाज वर गेला. पोरांनी माझ्याकडं बघितलं. "तिनं तोंड वर केलं न्हाय, आप्पा. खाली घालूनच तुमची तंबाखू चाळली. तुमास्नी तेवढंच आठवतंय तिचं. मी तोंड वर करून बोलतीया. माझं हे आठवणीत ठेवा."

 आप्पांनी अंगणातल्या मोबाईलकडं बघितलं आणि ते आत गेले. थोड्या वेळानं आतून फोनवर ओरडल्याचा आवाज आला.

दुपारपर्यंत बोदं निघाली. उचलायला आलेले गडी आमच्याच वस्तीतले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. झाडायला मात्र त्यांतला एकही थांबला नाही. का थांबला नाही, ते मी त्यांना विचारलेलं नाही. शेवटी आप्पांचा मुलगा पाण्याचा टँकर घेऊन आला आणि पाईप हातात धरून त्यानं स्वतः खोली धुतली. शर्टाच्या बाहीत नाक खुपसून शिंकत होता. मी दारात उभी राहून बघितलं. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, एवढंच डोक्यात आलं.

पुढं तालुक्याच्या शिक्षण ऑफिसातून बोलावणं आलं. मुलांना खासगी घरात नेलं, शाळेची बदनामी केली, असा अर्ज माझ्याविरुद्ध होता. तिथल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, मी कन्नडमध्ये सांगितलं. "क्षमा मागा, इथंच मिटवू," ते म्हणाले. क्षमा कशाची ते मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. चौकशी अजून चालू आहे. बदली होईल, असं सर म्हणतात. कणकुंबीकडं टाकतील, जंगलात, असंही म्हणतात. टाकू देत. तिथंही पहिलीची खोली असेल.

शेवंताआक्काला आप्पांनी कामावरून काढलं. ती आता दुसऱ्या गावात कामाला जाते, पहाटेच्या टेम्पोनं. तंबाखूच. वाटेत भेटली तर माझ्याशी बोलत नाही. मी तिला दोष देत नाही आणि स्वतःला माफही करत नाही. मात्र जे केलं ते मागं घेणार नाही.

भिंतींना वास अजून आहे. चुना लावला तरी पाऊस पडला की तो बाहेर येतो. मुलं गोल बसतात. खिडकीशी कोण बसायचं ते रोज बदलतं.

आई नाही. चौकशी आहे. शेवंताआक्काची नात रोज शाळेत येते. मे महिन्यात आप्पांना पुन्हा जागा लागेल. बदली झाली नाही तर मी सुट्टीत कुठंही जाणार नाही. त्या खोलीत बसून राहीन.