रुमालाखालचं ‘न्हाई’

“काका, दादा हो म्हणून राह्यले. जल्दी गिऱ्हाईक बघा,” दिगंबर म्हणाला.

मी मंठ्याच्या बैलबाजारातला दलाल. त्याच्या दादांची, म्हणजे वडील किसनरावांची, लाल कंधारी बैलजोडी विकायची होती. महिन्यापूर्वी किसनरावांच्या मेंदूत गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. तोंडातून एकच शब्द निघायचा, “हो.”

याच माणसानं सात वर्षांपूर्वी मला भर बाजारात चोट्टा म्हटलं होतं. मी विसरलेलो नाही. तरी खाटेजवळ बसलो.

“किसनराव, बैल विकायचे?”

“हो.”

“ठेवायचे?”

“हो.”

माझं डोकं फिरलं. “दिग्या, हा कसला हो रे?”

“डॉक्टर म्हणले, मेंदूतल्या पेशी, न्यूरॉन, एका छापाच्या नसतात. कोणी आखूड, कोणी लांब, कोणाला झाडासारख्या फांद्या. एकेकीची हजारोंशी जोडणी. दादांची बोलायची जोडणी तुटली. बाकी काय शाबूत, हळूहळू कळंल.”

“मंग विकायची घाई कशाला?”

“दवाखाना बघू का वैरण?”

त्याचंही खोटं नव्हतं. पण त्या जोडीवर किसनरावांचा जीव होता, हे सगळा बाजार जाणतो.

आमच्यात भाव तोंडानं ठरत नाही. हातावर रुमाल टाकून खाली बोटं धरतात. जेवढी बोटं, तेवढा आकडा. हात मोकळा ठेवला तर होकार, मूठ मिटली तर नकार. मला वाटलं, तोंडाची जोडणी तुटली, पण बोटांची वेगळी असली तर?

त्यांचा डावा हात घेतला. वर रुमाल टाकला.

“विकायचे?”

तोंड म्हणालं, “हो.” हाताची मूठ मिटली.

“ठेवायचे?”

मूठ उघडली.

प्रश्न उलटेसुलटे करून तीनदा विचारलं. तीनदा बराबर तेच.

दिगंबर रडायलाच लागला. “काका, मी तर विकूनच बसलो असतो.”

“आता रडू नको. वैरणीचं मी बघतो.”

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ही रुमालाची रीत बघितली आणि रोजचा सराव बोटांपासूनच सुरू करायला सांगितलं.

पण पहिल्यांदा रुमाल टाकला, त्या दिवशी निघताना मला राहवलं नाही. “किसनराव, मला चोट्टा म्हणलात, ते चुकलंच ना?”

“हो.”

सात वर्षं याच शब्दासाठी थांबलो होतो. पण तोंडच्या होकारावर मी सौदा पक्का धरत नाही. पुन्हा रुमाल टाकला.

मूठ. बैलांच्या वेळेपेक्षाही घट्ट.