‘आवजो’ म्हटलं की ओरडणारं अ‍ॅप

मंडळी, बडोद्याच्या समा भागात एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीला नीट दिसत नाही. तिला गोळ्यांची आठवण करून देणारं, बोलणारं अ‍ॅप मी बनवलंय. आज दुपारी ती म्हणाली, "अरे, हा माझ्यावर खेकसतो! काढून टाक."

शेजारी बसून ऐकलं. गोळी घेऊन तिने आपल्या बडोद्याच्या रीतीने, गुजरातीत ‘पुन्हा या’ असा निरोप दिला, "आवजो!" अ‍ॅपने ऐकलं ‘आवाज’, आणि आवाज वाढवला.

"मावशी, ‘बंद’ म्हण ना."

"घरी आलेल्याला बंद म्हणायचं?"

मग अ‍ॅपलाच ‘आवजो’ शिकवलं. आता ते हळूच "आवजो, मावशी" म्हणून गप्प होतं. त्या शांततेत वाटलं, खरंच कुणीतरी चहा पिऊन, दार ओढून गेलं.

तुमच्या घरी फोनचा असा निरोप कोण घेतं?